खडीची सायकल

माझं काम खडी नापास करण्याचं आहे. वसईच्या पूर्वेला, कामणच्या पुढे डोंगराच्या कडेला एक क्रशर आहे, तिथल्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं नोकरी करते. डंपर भरला की त्यातली पाटीभर खडी माझ्या टेबलावर येते. मी ती चाळते, वजन करते, चपटे तुकडे वेगळे काढते. चपटी खडी रस्त्यात दबावाखाली मोडते, म्हणून ती ठरावीक मापापेक्षा जास्त निघाली की गाडी परत. ड्रायव्हर कुरकुरतात, मालकाचं तोंड वाकडं होतं, पण माझ्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही. पाठीमागे मला सगळे ‘चाळण’ म्हणतात. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. नाव मला आवडतं.

सायकल माझ्याकडे उशिरा आली, शेहेचाळिसाव्या वर्षी. आम्ही नंदाखालला राहतो. सासरची नारळ-केळीची वाडी आहे, ती नवरा बघतो. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि सकाळचा एक डबा कमी झाला, तेव्हा तो मोकळा अर्धा तास मी त्याच्या जुन्या सायकलवर घालवायला लागले. आधी वटारपर्यंत जाऊन परत, मग त्याच्या पुढे, मग रविवारी विरारच्या एका सायकल क्लबबरोबर. क्लबात बहुतेक सगळे नव्या टॉवरांतले, तिशीतले, घरून काम करणारे. बायका आम्ही तिघी. कॅप्टन बत्तीस वर्षांचा, बोलायला गोड आणि नियमाला कडक. तो मला मॅडम म्हणतो, बाकीचे काकू.

या क्लबाची वर्षातून एकदा थंडीत मोठी राइड असते, डोंगरापासून दर्यापर्यंत. हायवेवरून निघायचं, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या जंगलवाटेने कामणच्या रस्त्याला उतरायचं, मिठागरांच्या बांधांवरून पश्चिमेला यायचं, वाड्यांमधल्या गल्ल्यांतून उत्तरेला सरकायचं आणि शेवटी किनाऱ्याने अर्नाळ्याला पोचायचं. साठेक किलोमीटर. सकाळी सहाला सुरुवात, दुपारी एकच्या आत अर्नाळ्याला कॅप्टनच्या कागदावर सही. मागून क्लबाचा टेम्पो येतो. ज्याचं जमत नाही त्याला सायकलसकट उचलतो, आणि कागदावर त्याच्या नावापुढे सहीच्या जागी ‘टेम्पो’ असं लिहितात.

पहिल्या वर्षी माझ्या नावापुढे टेम्पो लागला. मुलाची सायकल शहरातली, बारीक टायरांची. कामणच्या रस्त्यावर दोन ट्यूब फुटल्या, तिसरी नव्हती, मागच्या चाकाची रिम वाकली. उरलेला रस्ता मी टेम्पोच्या मागच्या फळीवर, सगळ्यांना वाटायच्या केळ्यांच्या क्रेटशेजारी बसून काढला. त्यातही टेम्पोचा रस्ता नंदाखालवरूनच. नाक्यावर आमची शेजारीण भाजी घेत उभी होती. ती ओरडली, “काय गो, आपली केळी सोडून दुसऱ्यांची विकायला निघालीस?” अख्खा नाका हसला. मीही हसले, दुसरं करणार काय?

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण क्लबाचा एक नियम होता: लागोपाठ दोनदा टेम्पो झाला, तर पुढे कायम छोटा रूट. छोटा रूट म्हणजे पंचवीस किलोमीटर, सगळा डांबरी, शाळकरी मुलं आणि सत्तरीच्या आजोबांबरोबर. कॅप्टनने मला हे फोनवर फार नम्रपणे सांगितलं. “मॅडम, तुम्ही आत्ताच छोटा निवडलात तरी कोणी काही म्हणणार नाही.” मी म्हटलं, “मी म्हणेन.” आणि फोन ठेवला.

सायकल बदलायची हे नक्की झालं. कोणती, हे नव्हतं.

दुकानदाराने दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक ग्रॅव्हल बाइक: हलकी, निमुळती, शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, टायर मात्र शर्यतीच्या टायरपेक्षा जाड. दुसरी हार्डटेल: रुंद सरळ हँडल, पुढच्या चाकाला मोटरसायकलसारखे शॉकअप, मागे काही नाही, आणि टायर चांगले सव्वादोन इंच रुंद, गाठी-गाठींचे. उचलून पाहिल्या. दुसरी सरळ सरळ जड होती.

“ताई, सिंपल आहे,” दुकानदार म्हणाला. “मिक्स रोडला ग्रॅव्हलच. तुमच्या ग्रुपमधले सगळे तीच घेऊन गेलेत.”

“ग्रॅव्हल म्हणजे?”

“ग्रॅव्हल म्हणजे खडी. खडीवर चालते ती.”

इथे मी फसले. बावीस वर्षं मी खडी खाते, खडी पिते. खडीवर चालणारी सायकल असते आणि ती माझ्यासमोर उभी आहे म्हटल्यावर दुसऱ्या सायकलकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही. दुकानदाराला सांगितलं, एक दिवस चालवायला द्या, मी खडीवरच चालवून बघते. तो म्हणाला, “बिनधास्त.”

सायकल घरी आणली तेव्हा नवरा अंगणात केळीचे लोंगर उतरवत होता. वळलेल्या हँडलकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

“मेंढा कुठला आणलास?”

“ग्रॅव्हल बाइक आहे. खडीवरची.”

“मग क्रशरवर बांध. इथे केळी खाईल.”

दुसऱ्या दिवशी ती मी क्रशरवर नेलीच. हायवेपासून आमच्या फाटकापर्यंत दीड किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, तो आमच्याच मालाचा, डंपरच्या चाकांखाली दबलेला. डांबरावर ती सायकल अशी पळाली होती की मला वीस वर्षं कमी झाल्यासारखं वाटलं होतं. या रस्त्यावर शंभर पावलांत मनगटं गेली. दात एकमेकांवर आपटायला लागले. पुढचं चाक मी सांगेन तिकडे सोडून बाकी सगळीकडे जात होतं. समोरून डंपर आला. चालवणारा कामणचाच, माझ्याकडून आठवड्यातून एकदा तरी नापास होणारा. त्याने गाडी थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“म्याडम, चालनीत टाकल्यावानी हालताव!”

“तू गाडी पुढे घे.”

“घेतो. पन आज तुमी पास का नापास, ते सांगा आदी.”

तो गेला. मी उतरले. तळहात बधिर झाले होते. हात झटकत खाली रस्त्याकडे बघत उभी राहिले, आणि मला सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा पेपर आठवला. प्रश्न होता: ग्रॅव्हल आणि फोडलेला दगड यांतला फरक लिहा. उत्तरही आठवलं. ग्रॅव्हल म्हणजे नदीच्या पाण्याने घासून गोल झालेले गोटे, रेव. खडी म्हणजे यंत्राने फोडलेली, कोपऱ्या-कोपऱ्यांची. गोल दगड चाकाखाली सरकतो, कोपऱ्याचा दगड रुतून बसतो आणि टोचतो. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. ज्या कोपऱ्यांवर माझी नोकरी चालते, ते कोपरे एका दुकानदाराच्या एका शब्दाने मी विसरले होते. परदेशात ही सायकल ज्या रस्त्यांसाठी बनवली, ते रस्ते आमच्या वाडीतल्या मुरमाच्या वाटेसारखे असणार. आमच्या खडीशी त्यांचा संबंध नाही. दुकानदाराचा दोष म्हणावा तर तो दगडाचं शिकलेला नव्हता. मी शिकलेली होते.

ही गोष्ट मी फक्त नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे मेंढा परत?”

मेंढा परत गेला. पण म्हणून मी लगेच हार्डटेल उचलली नाही. एका शब्दावर भाळून एक चूक केली होती, आता एका दिवसाच्या रागावर दुसरी करायची नव्हती. माझ्या कामात कोणताही निकाल नमुना घेतल्याशिवाय देत नाहीत. मग नमुना घ्यायचं ठरवलं.

तीन रविवार लागले. नवरा स्कूटर चालवायचा, मी मागे वही घेऊन. जिथे रस्ता बदलेल तिथे थांबायचं, मीटरवरचा आकडा लिहायचा, खाली उतरून पायाने, हाताने, कधी खडूने रेघ मारून जमीन बघायची. जिथे स्कूटर जात नाही तिथे चालत. नवरा वैतागला असेल. एकदाच मिठागराच्या बांधावर मी ढेकळं मोजत असताना म्हणाला, “अगं, ही सायकल घ्यायची आहे की जमीन?” तिसऱ्या रविवारपर्यंत मात्र तोच मला हाक मारायला लागला होता: “इकडे बघ, पेव्हर ब्लॉक संपला, लिही.”

वहीत जे निघालं ते माझ्या विरुद्ध होतं. साठातले छत्तीस किलोमीटर डांबर, काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक. वाड्यांमधली दाबलेली मातीची वाट आठ. जंगलातले दगड आणि ओढे सहा. कामणच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, तिथे खडी चार. मिठागराचे बांध तीन. उरलेली वाळू. म्हणजे निम्म्याहून जास्त रस्ता गुळगुळीत. ग्रुपवर वहीचा फोटो टाकला, तर कॅप्टनचं लगेच उत्तर आलं: ‘मॅडम, डेटा तुमचाच आहे. ग्रॅव्हल घ्या.’ खाली पंधरा अंगठे.

मीही दोन दिवस तेच मानलं. आकडे माझेच होते, त्यांच्याशी भांडणार कशी?

तिसऱ्या दिवशी कामावर तो कामणचा ड्रायव्हर टेबलापाशी आला. त्याची गाडी मी परत पाठवली होती. तो हात जोडून म्हणाला, “म्याडम, आख्खी गारी चांगली हाय ओ. थोडीशीच चपटी हाय.”

“थोडीशीच चपटी. रस्ता फुटतो तो त्या थोडीशीतच,” मी म्हटलं. हे वाक्य मी बावीस वर्षांत हजार वेळा बोलले असेन. त्या दिवशी बोलून झाल्यावर मी चाळणी खाली ठेवली आणि पिशवीतली वही काढली. ड्रायव्हरला वाटलं मी त्याच्या गाडीचं काहीतरी लिहितेय. तो घाबरून गेला.

मी छत्तीस किलोमीटर डांबर मोजत बसले होते. डांबरावरून कोणालाही टेम्पोत बसवलेलं नाही. कोणतीही सायकल डांबरावर चालते, हळू की जोरात एवढाच फरक. गेल्या वर्षी जे अकरा जण टेम्पोत बसले, ते सगळे त्या चार किलोमीटर खडीत, नाहीतर जंगलाच्या ओढ्यात, नाहीतर शेवटच्या वाळूत. मला पहिलं यायचं नव्हतं. मला फक्त एकच्या आत पोचायचं होतं. मग सायकल निवडायची ती त्या थोडीशीसाठी.

हार्डटेल घेतली. दुकानदाराने विचारलं, “ताई, नक्की?” मी म्हटलं, “ग्रॅव्हलला मराठीत रेव म्हणतात. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगा.”

तिचे दोष मला माहीत होते आणि जमतील तेवढे मी कमी केले. गाठीदार टायर डांबरावर घरघरतात, पाय ओढतात. ते बदलून मधून गुळगुळीत आणि कडांना गाठी असलेले घेतले. सरळ हँडलवर हात एकाच जागी राहून दुखतात, म्हणून दोन्ही टोकांना छोटी शिंगं बसवून घेतली, म्हणजे पकड बदलता येते. चांगल्या रस्त्यावर शॉकअप बंद करायचा खटका असतो, तो न बघता अंगठ्याने दाबायची सवय केली. टायरमध्ये कुठे किती हवा ठेवायची हे वहीत लिहिलं. सगळ्यात महत्त्वाचं, तीन महिने आठवड्यातून दोनदा तिच्यावरून कामाला गेले. जाता-येता चाळीसच्या वर होतात. पहिल्या आठवड्यात टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. सहाव्या आठवड्यात ती झोप गेली.

क्लबातली पोरं सोडणार थोडीच होती! पहिल्याच रविवारी एक जण म्हणाला, “काकू, ट्रॅक्टर छान आहे. नांगर कुठे लावणार?”

“तुझ्या मागे.”

राइडच्या दिवशी सकाळी सहाला एकतीस जण निघालो. हायवेच्या पहिल्या बारा किलोमीटरमध्ये तीस जण माझ्या पुढे गेले. सगळेच्या सगळे. ग्रॅव्हल बाइक डांबरावर काय पळते ते मला माहीत होतं, तरी सगळ्यांच्या पाठी बघत राहणं सोपं नव्हतं. मागे फक्त टेम्पोचं इंजिन ऐकू येत होतं. कॅप्टन मुद्दाम हळू होऊन माझ्या शेजारी आला.

“मॅडम, छोटा रूट इथून डावीकडे जातो, बघा.”

“बघितला.”

तो पुढे गेला.

जंगलवाटेला लागल्यावर हिशेब बदलायला लागला. ओढ्यात टोपलीएवढे दगड आहेत, हिवाळ्यात पाणी घोट्याएवढं. बरेच जण सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडत होते. मी टायरची हवा आधीच कमी केली होती. पुढचे शॉकअप उघडले, बुड सीटवरून उचललं आणि दगडांवरून गेले. दोन ओढ्यांत मी सात जणांना मागे टाकलं. तिसऱ्यात पडले. ढोपर सोललं, उठले.

कामणच्या रस्त्याला उतरले तेव्हा आठ वाजून गेले होते. रुंदीकरणाच्या पट्ट्यावर कालच नवी खडी पसरली होती. मोठी, चाळीस मिलिमीटरची, वर अजून बारीक कच टाकलेली नव्हती, रोलर फिरला नव्हता. एक खडा उचलून पाहिला. निळसर काळा, चारही बाजूंना धारदार कोपरे. आमचाच माल. मी पास केलेला.

पुढच्या चार किलोमीटरमध्ये रस्त्याच्या कडेला सायकली उलट्या करून ठेवलेल्या दिसायला लागल्या. कोणाची ट्यूब फुटलेली, कोणाचा टायरच कापलेला. नांगर विचारणारा पोरगाही त्यातच होता, हातात पंप, तोंड लाल.

“काकू, ही तुमच्या कंपनीची खडी आहे ना? जरा बोथट बनवा की!”

“बोथट असती तर मी नापास केली असती.”

त्याच्याकडचे पॅच संपले होते. माझी ट्यूब त्याच्या चाकाला मोठी होत होती, म्हणून मी थांबून माझ्याकडचे पॅच आणि गोंद त्याला दिला. माझी सायकल त्या खडीवर सुखाने चालत होती असं मी म्हणणार नाही. ती आपटत होती, मी आपटत होते, जेमतेम माणूस धावेल एवढा वेग. पण चाक सांगेन तिकडे जात होतं आणि हवा आत होती. शेवटच्या शंभर पावलांवर समोरून आमचा डंपर आला. ड्रायव्हरने मला ओळखलं आणि हॉर्न दाबून धरला, पार दिसेनासा होईपर्यंत. एरवी मी त्याला त्याबद्दल बोलले असते.

मिठागराचे बांध वाळलेले होते, जनावरांच्या खुरांनी खड्डे पडलेले. तिथेही निभावलं. पण वसईत डांबर लागलं तसे ज्यांची चाकं दुरुस्त झाली होती ते सगळे पुन्हा शिट्ट्या मारत मला ओलांडून गेले. पॅच दिलेला पोरगा जाताना ओरडला, “काकू, थँक यू, बाय!” मला हे अपेक्षितच होतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं. तरी पायात गोळे आले होते, बारा वाजायला आले होते, आणि वटारच्या गल्ल्यांत सावली असूनही घाम डोळ्यांत जात होता. मागे वळून पाहिलं नाही, पण टेम्पोचा आवाज पुन्हा जवळ आला होता.

नंदाखालला नवरा वाडीच्या फाटकात उभा होता. टाळ्या वाजवणं वगैरे त्याच्या स्वभावात नाही. तो म्हणाला, “बारा वाजून दहा. भरती लागलीय. वाटेत पाणी प्यायला थांबू नकोस.” आणि माझ्या बाटलीच्या जागी भरलेली बाटली खोचून रिकामी काढून घेतली. सायकल चालूच होती.

भरतीचं माझ्या वहीत नव्हतं. आम्ही सर्वेक्षण केलं त्या रविवारी ओहोटी होती आणि किनारा फरशीसारखा टणक मिळाला होता. समुद्रापासून एवढ्या जवळ राहून मी वेळ लिहिली नव्हती, फक्त अंतर लिहिलं होतं. क्रशरवर असं कोणी केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

नवापूरला रस्ता संपून किनारा लागतो. वर कोरडी भुसभुशीत वाळू. पुढे गेलेले दहा-बारा जण तिथे सायकली ढकलत चालले होते, चाकं अर्धी रुतलेली. मीही वरूनच घातली आणि वीस पावलांत पडले. मासळीची पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबून बघत होती.

“अगो बाय, त्या पोरांच्या मागं कुठं जातेस? पानीच्या काठानं जा ना! तिथं रेती घट हाय.”

“पाणी वर येतंय ना, मावशी?”

“येतंय म्हनून सांगते, आताच जा. घटकाभरानं ती पन वाट ऱ्हायाची नाय.”

मी दोन्ही चाकांची हवा सोडली, अंगठा दाबला की आत जाईल इतकी. मग सायकल खाली पाण्याच्या रेघेपाशी नेली. ओल्या वाळूचा दोन हात रुंद पट्टा उरला होता. त्यावर रुंद टायर रुतले नाहीत. लाट आली की चाकं पाण्यात, लाट गेली की वाळूवर. साखळीत खारं पाणी जात होतं, ते दिसत होतं आणि जिवाला लागत होतं, पण थांबले नाही. वरून कोणीतरी ओरडलं, “काकू, खालून जमतंय?” मी हात वर करून खूण केली, या खाली. दोघे उतरले. त्यांचे टायर अरुंद, पण ओल्या वाळूवर तेही चालायला लागले. बाकीचे ढकलतच राहिले. पॅचवाला पोरगाही त्यांत होता. त्याच्या शेजारून गेले तेव्हा तो हसला, आणि मला तो आवडला.

अर्नाळ्याला वाळूत क्लबाचा झेंडा रोवलेला होता, त्याच्या खाली कॅप्टन पॅड घेऊन. माझ्या आधी तेरा सह्या झाल्या होत्या. माझ्यानंतर एकच्या आत आणखी पाच झाल्या. बाकीचे बारा जण टेम्पोने आले.

मला बघून कॅप्टन धावत खाली आला.

“मॅडम! बारा एकोणपन्नास! या, पटकन सही करा.”

“एकपर्यंत चालते ना?”

“चालते, पण... ”

“मग थांब जरा. आधी हिचं मीठ काढते.”

किनाऱ्यालगतच्या घरासमोर एक बाई बोंबील वाळत टाकत होती. तिच्याकडे गोडं पाणी मागितलं. तिने मला, सोललेल्या ढोपराला आणि सायकलला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बालदी भरून आणून ठेवली. मी तांब्याने पाणी साखळीवर, गिअरवर, शॉकअपच्या नळ्यांवर सोडलं. कॅप्टन पॅड हातात घेऊन मागे उभा, घड्याळ बघतोय.

“मॅडम, सात मिनिटं.”

“मागचं चाक वर धर. म्हणजे लवकर होईल.”

त्याने पॅड काखेत मारलं आणि चाक उचलून धरलं. मी पेडल फिरवत साखळीतलं सगळं पाणी निथळू दिलं. बारा पंचावन्नला सही केली.